चौकटी, तारा आणि माणसे

प्युअर डेटा हा प्रोग्रॅम सुरू करून नवी खिडकी उघडली, की समोर कोरा पांढरा कागद येतो. पियानोच्या पट्ट्या नसतात, रंगीत कळा नसतात, गाण्याचे तयार तुकडे नसतात. या कागदावर एक चौकट ठेवायची आणि तिच्यात ‘ऑस्क~ ४४०’ असे लिहायचे. तिच्याखाली दुसरी चौकट, ‘*~ ०.१’. त्याखाली तिसरी, ‘डॅक~’. पहिल्या चौकटीच्या तळाशी माऊस धरून दुसरीच्या माथ्यापर्यंत तार ओढायची. दुसरीपासून तिसरीपर्यंत दोन तारा, एक डाव्या स्पीकरसाठी आणि एक उजव्यासाठी. ध्वनी सुरू करण्याच्या खुणेवर क्लिक केले, की सेकंदाला ४४० कंपनांचा सरळ, सपाट सूर ऐकू येतो. तीन चौकटी आणि तीन तारा, एवढ्यात प्रोग्रॅम पूर्ण झाला.

ही नावे संगणकावर रोमन अक्षरांत टाइप करावी लागतात. इथे ती देवनागरीत दिली आहेत. पहिली चौकट कंपन तयार करते. दुसरी त्याची उंची एक दशांशावर आणते, कारण तसे केले नाही तर आवाज कानठळ्या बसवणारा येतो. तिसरी तयार झालेले आकडे संगणकाच्या ध्वनियंत्रणेकडे सोपवते. नावापुढची लाटेसारखी खूण महत्त्वाची आहे. ज्या चौकटीला ती खूण असते तिच्यातून ध्वनी पाटाच्या पाण्यासारखा अखंड वाहत असतो. खूण नसलेल्या चौकटी सुट्या संदेशांवर चालतात. आकडा आला की काम करायचे, एरवी स्वस्थ बसायचे. चौकटी आणि तारा मिळून जे चित्र तयार होते त्याला ‘पॅच’ म्हणतात.

चित्रमय भाषा म्हणजे डोळ्यांनी पाहावी आणि समजावी, अशी अनेकांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. चित्रामुळे पहिली पावले सोपी होतात. पण काही गोष्टी चित्रात दिसतच नाहीत आणि त्या एकट्याने शोधून काढणे फार कठीण जाते. त्या जाणत्या माणसांकडून कळतात. प्युअर डेटा शिकणाऱ्यांचा आणि शिकवणाऱ्यांचा जगभर पसरलेला ऑनलाइन समुदाय नेमके हेच काम करतो. भाषेची रचनाही अशी, की एकाची अडचण दुसऱ्याला जशीच्या तशी आपल्या संगणकावर चालवून पाहता येते. ही देवाणघेवाण कशी चालते हे समजले, की शिकण्याचा निम्मा रस्ता मोकळा होतो.

पॅरिस ते सॅन दिएगो

प्रोग्रॅम चित्राने मांडावा ही कल्पना जुनी आहे. १९६६ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये विल्यम सदरलँड यांनी आपल्या प्रबंधात पडद्यावर चौकटी जोडून संगणकाला काम सांगण्याची पद्धत मांडली. त्यांचे धाकटे भाऊ आयव्हन यांनी तीन वर्षे आधी ‘स्केचपॅड’ हा पडद्यावर रेखाटन करण्याचा प्रोग्रॅम केला होता. पुढे १९८६ साली ऑस्टिनच्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने याच पद्धतीचे ‘लॅबव्ह्यू’ बाजारात आणले. प्रयोगशाळेतली मोजमापाची उपकरणे चालवण्यासाठी अभियंते आजही ते वापरतात.

संगीताच्या बाजूने हीच वाट पॅरिसमध्ये फुटली. संगीतकार पिएर बुलेझ यांनी उभ्या केलेल्या इरकॅम या संशोधन संस्थेत ‘फोर-एक्स’ नावाचे मोठे ध्वनियंत्र होते. मैफलीत वादक वाजवत असतानाच हे यंत्र त्याला साथ देईल, असे काहीतरी संगीतकारांना हवे होते. मिलर पकेट हा तरुण गणिती १९८०च्या दशकाच्या मध्यावर तिथे दाखल झाला आणि त्याने चौकटी-तारांचा एक प्रोग्रॅम रचला. १९५७ साली बेल लॅब्जमध्ये संगणकाकडून संगीत वाजवून घेणारे मॅक्स मॅथ्यूज यांच्या सन्मानार्थ त्याला ‘मॅक्स’ हे नाव मिळाले. फिलिप मानूरी यांची ‘प्लुतॉन’ ही पियानो आणि संगणकासाठीची रचना १९८८ साली याच प्रोग्रॅमच्या आधाराने उभी राहिली.

पुढे मॅक्स व्यापारी उत्पादन झाले आणि आजही ते विकत मिळते. पकेट १९९४ साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले आणि तिथे त्यांनी नव्याने मांडणी केली. १९९६ साली जाहीर झालेली ही मांडणी म्हणजे प्युअर डेटा. वापरणारे तिला थोडक्यात ‘पीडी’ म्हणतात. ती मोफत आहे, तिचा मूळ कोड खुला आहे आणि त्यात कोणीही बदल करू शकतो. विंडोज, मॅक, लिनक्स आणि हातात मावणाऱ्या रास्पबेरी पाय या संगणकावरही ती चालते.

कोरा कागद ठेवण्यामागे पकेट यांचा विचार होता. पियानोच्या पट्ट्या आणि स्वरलिपीच्या पाच रेघा आधीच काढून ठेवल्या, की वापरणारा त्यांच्याच चाकोरीत विचार करू लागतो. संगीत म्हणजे काय हे प्रोग्रॅमने ठरवू नये, वापरणाऱ्याने ठरवावे, ही त्यामागची भूमिका. ती मोलाची आहे. पण कोरा कागद नवख्याला घाबरवतोही. सुरुवात कुठून करायची हे कागद सांगत नाही.

त्यावरचा पहिला उपाय प्रोग्रॅममध्येच आहे. कोणत्याही चौकटीवर माऊसचे उजवे बटण दाबून ‘हेल्प’ निवडले, की त्या चौकटीची माहिती उघडते, आणि ती माहिती म्हणजेही एक चालता पॅच असतो. त्यातले आकडे बदलता येतात, तारा तोडता येतात, हवा तो तुकडा उचलून आपल्या कागदावर ठेवता येतो. वाचायचे पान आणि करून पाहायची जागा एकच. या भाषेत शिकवण्याची जी रीत पुढे रुजली तिचे मूळ इथे आहे. इथे समजावून सांगायचे म्हणजे चालवून दाखवायचे.

चित्रात न दिसणारी गोष्ट

आता एक साधे गणित करू. एखाद्या संख्येचा वर्ग काढायचा आहे. आकडा दाखवणारी एक चौकट घ्यायची, तिच्याखाली ‘*’ ही गुणाकाराची चौकट. गुणाकाराला दोन आकडे लागतात म्हणून तिच्या माथ्यावर दोन तोंडे असतात, डावे आणि उजवे. आकड्याच्या चौकटीतून एक तार डाव्या तोंडात आणि एक उजव्या तोंडात. ३ दिले की ९ मिळाले पाहिजेत.

मिळतात का? कधी मिळतात, कधी नाही. एकाच्या संगणकावर ३, ४, ५ दिल्यावर ९, १६, २५ येतात. दुसऱ्याच्या संगणकावर त्याच आकड्यांना ०, १२, २० येतात. दोघांचे पॅच शेजारी ठेवले तर चित्रात तिळाएवढाही फरक नाही.

कारण असे आहे. पीडीमध्ये चौकटीचे डावे तोंड ‘गरम’ आणि बाकीची ‘थंड’ मानली जातात. थंड तोंडात आकडा आला, की चौकट तो लक्षात ठेवते आणि गप्प राहते. गरम तोंडात आकडा आला, की ती लगेच हिशेब करून उत्तर खाली सोडते. आता एका चौकटीतून दोन तारा निघाल्या असतील, तर आकडा आधी कुठल्या तारेतून जाईल? जी तार आधी जोडली तिच्यातून. उजवी तार आधी जोडली असेल तर ३ आधी उजवीकडे जाऊन बसतात, मग डावीकडे येतात आणि तीन त्रिक नऊ होतात. डावी तार आधी जोडली असेल तर डावीकडे ३ येताच चौकट हिशेब करते. उजवीकडे अजून शून्यच आहे, म्हणून उत्तर शून्य. त्यानंतर ३ उजवीकडे पोहोचतात. पुढच्या खेपेला ४ आले, की चार त्रिक बारा. त्याच्या पुढे पाच चोक वीस.

तारा कुठल्या क्रमाने जोडल्या हा इतिहास आहे आणि चित्र इतिहास दाखवत नाही. तासभर त्या पॅचकडे टक लावून पाहिले तरी चूक दिसणार नाही, कारण ती तिथे दिसायला नाहीच. मॅक्सकडून पीडीकडे आलेले अनुभवी लोकही इथे अडखळतात. मॅक्समध्ये हा क्रम चौकटींच्या पडद्यावरील जागेवरून ठरतो, उजवीकडून डावीकडे.

उपाय मात्र छोटा आहे. मध्ये ‘ट्रिगर’ नावाची चौकट घालायची. तिच्या तळाला दोन तोंडे असतात आणि आधी उजव्या तोंडातून, मग डाव्या तोंडातून आकडा सोडायचा, हा तिचा पक्का नियम आहे. आता तारा कुठल्याही क्रमाने जोडा, उत्तर बरोबरच येते आणि क्रमही चित्रात उघड दिसतो. एका तोंडातून दोन तारा काढायच्या असतील आणि क्रमाने फरक पडणार असेल, तर ट्रिगर वापरावा, हा समुदायात नवख्यांना सर्वांत आधी मिळणारा सल्ला आहे. मदतीच्या पानांत हा नियम आहेच. पण आपल्याला पडलेल्या कोड्याचे उत्तर त्या पानावर आहे, हे कळण्यासाठी ते कोडे ओळखणारा माणूस लागतो.

छायाचित्र नको, पॅच पाठवा

अडल्यावर नवखा माणूस पडद्याचे छायाचित्र काढून समुदायात टाकतो. चित्रमय भाषा आहे, चित्र पाठवले, हे त्याच्या दृष्टीने बरोबरच असते. वर्गाच्या उदाहरणावरून लक्षात येईल, की जी चूक शोधायची आहे तीच छायाचित्रात नसते. म्हणून पहिले उत्तर बहुतेक वेळा एकच असते: पॅच पाठवा.

पॅच पाठवणे सोपे आहे, कारण तो साध्या मजकुराच्या रूपात साठवला जातो. सुरुवातीचा तीन चौकटींचा पॅच मजकूर म्हणून उघडला, तर सात ओळी दिसतात. पहिली ओळ खिडकीच्या मापाची. पुढच्या तीन ओळी तीन चौकटींच्या. प्रत्येकीत ती कागदावर कुठे आहे आणि तिच्यात काय लिहिले आहे हे असते. शेवटच्या तीन ओळी तारांच्या, आणि त्यांत चार-चार आकडे. ‘कनेक्ट ० ० १ ०’ याचा अर्थ, शून्याव्या चौकटीच्या शून्याव्या तळतोंडातून पहिल्या चौकटीच्या माथ्यावरच्या शून्याव्या तोंडापर्यंत तार. मोजणी शून्यापासून होते, एवढे लक्षात ठेवले की पुरते.

एका तोंडातून निघालेल्या तारांच्या ओळी ज्या क्रमाने लिहिलेल्या असतात त्याच क्रमाने त्या तारा जोडलेल्या असतात. छायाचित्रातून निसटलेला इतिहास मजकुरात शाबूत राहतो. अशा सात-दहा ओळी कुठल्याही संदेशात चिकटवता येतात. समोरचा माणूस त्या फाईलमध्ये ठेवून उघडतो आणि त्याच्या पडद्यावर तुमचा पॅच तुमच्या चुकीसकट उभा राहतो. तो दोन तारा हलवतो, एक चौकट घालतो, शेजारी दोन शब्दांची टीप लिहितो आणि परत पाठवतो. प्रश्नही पॅच आणि उत्तरही पॅच. ऑस्ट्रियातला अभियंता, ब्राझीलमधला संगीतकार आणि पुण्यातली विद्यार्थिनी यांची बोलीभाषा एक नसली तरी कागदावरच्या चौकटी तिघांनाही सारख्याच वाचता येतात.

एक तार छेडू या

आता थोडे मोठे काम हाती घेऊ: तंबोऱ्याची तार. छेडलेल्या तारेचा आवाज संगणकावर तयार करण्याची एक सुंदर युक्ती केव्हिन कार्प्लस आणि अॅलेक्स स्ट्राँग यांनी १९८३ साली प्रसिद्ध केली. क्षणभर नुसती खरखर करायची, ती एका साठवणीत टाकायची, ठरावीक वेळाने ती बाहेर काढायची, तिची धार किंचित बोथट करायची आणि पुन्हा त्याच साठवणीत सोडायची. खरखर अशी फिरत राहिली, की दर फेरीला तीच आकृती कानावर येते आणि कान तिला सूर म्हणून ऐकतो. धार बोथट होत जाते, म्हणून खऱ्या तारेसारखा आवाज आधी झगझगीत असतो आणि मग मऊ होत विरतो.

सूर कोणता हे फेरीच्या वेळेवर ठरते. काळी एकचा षड्ज घेऊ, सेकंदाला सुमारे १३८.६ कंपने. १००० मिलिसेकंदांना १३८.६ ने भागले, की फेरीचा वेळ येतो ७.२ मिलिसेकंद. पीडीमध्ये ‘नॉइझ~’ ही खरखरीची चौकट, ‘डेलराइट~’ ही साठवणीत टाकणारी, ‘डेलरीड~’ ही साठवणीतून काढणारी आणि ‘लॉप~’ ही धार बोथट करणारी. परत पाठवताना ‘*~ ०.९९’ मधून न्यायचे.

नवखा माणूस इथे पहिल्यांदा अडतो तो वेटोळ्यापाशी. फिरवायचेच आहे, तर खालची तार सरळ वरच्या चौकटीला जोडू, असे त्याला वाटते. तसे केले की पीडी तक्रार करते, की ध्वनीचे वेटोळे झाले आहे आणि काही चौकटी चालवता येत नाहीत. कुठली चौकट आधी चालवायची हे पीडीला ठरवावे लागते, आणि बंद वेटोळ्यात आधी-नंतर असे काही उरत नाही. म्हणून वेटोळे तारेने पुरे करायचे नाही. ‘डेलराइट~’ आणि ‘डेलरीड~’ यांना एकच नाव द्यायचे, की त्या तारेवाचून एकमेकींशी जोडल्या जातात.

दुसरी गंमत ०.९९ या आकड्यात आहे. आवाज फार लवकर विझतो, असे वाटले तर? सेकंदात सुमारे १३९ फेऱ्या होतात. ०.९९ ला ०.९९ ने इतक्या वेळा गुणत गेले, तर सेकंदाच्या शेवटी जेमतेम पाव भाग उरतो. ‘लॉप~’मुळे होणारी घट वेगळीच. तोच आकडा ०.९९८ केला तर पाऊण भाग उरतो आणि तार घुमू लागते. १ च्या पुढे गेलात, तर आवाज दर फेरीला वाढत जाऊन असह्य होतो. हजारातल्या आठ भागांच्या फरकाने मुकी तार बोलू लागते, हे करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

तिसरी अडचण वरच्या सुरांत येते. खालच्या पट्टीत सुरेल वाजणारी तार वर नेत गेले, की एका मर्यादेनंतर चढतच नाही. पीडी ध्वनीचे आकडे सुटे हाताळत नाही. ६४-६४ आकड्यांचे गठ्ठे करते. सेकंदाला ४४,१०० आकडे हा सीडीपासून रुळलेला दर धरला, तर एक गठ्ठा म्हणजे १.४५ मिलिसेकंद. फेरी त्याहून लहान होऊ शकत नाही, म्हणून सूर ६८९ कंपनांच्या वर जात नाही. त्यावर तोडगा असा, की वेटोळ्याचा भाग वेगळ्या उपपॅचमध्ये ठेवायचा आणि तिथे ‘ब्लॉक~’ या चौकटीने गठ्ठा लहान करायचा. हा प्रश्न समुदायात वर्षानुवर्षे विचारला गेला आहे आणि प्रत्येक वेळी कोणीतरी न कंटाळता लहानसा पॅच करून उत्तर दिले आहे.

तंबोऱ्याला ही अडचण येत नाही, कारण त्याच्या तारा खाली बोलतात. जोडीच्या तारा १३८.६ वर, खर्ज त्याच्या निम्म्यावर म्हणजे ६९.३ वर आणि पंचम खर्जाच्या दीडपट, १०४ च्या आसपास. इथे मराठी श्रोत्याचे ज्ञान उपयोगी पडते. पीडीत ‘एमटॉफ’ नावाची तयार चौकट आहे. स्वराचा क्रमांक दिला, की ती कंपने सांगते. पण तिच्यात सप्तकाचे बारा सारखे भाग गृहीत धरलेले आहेत. तिच्या हिशेबाने काळी एकच्या षड्जावरचा शुद्ध गंधार १७४.६ येतो. षड्जाच्या सव्वापट धरला तर तो १७३.२ येतो, आणि तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार याच जातीचा असतो. दोन ‘ऑस्क~’ घेऊन हे दोन्ही गंधार एकदम वाजवून पाहा. सेकंदाला एकाहून जास्त वेळा आवाज हेलकावताना ऐकू येतो. मग ‘एमटॉफ’ बाजूला ठेवून षड्जाला सरळ ५/४ ने गुणायचे. कोऱ्या कागदाचा फायदा इथे कळतो. स्वर कुठे असावा हे इथे आपला कान ठरवतो.

एवढे करूनही तंबोरा पुरा होत नाही, कारण जवारी येत नाही. घोडीचा रुंद, किंचित बाकदार माथा आणि तारेखाली सरकवलेला दोरा यांमुळे तार थरथरताना घोडीला पुन्हा पुन्हा हलकेच स्पर्श करते, आणि त्यातून उपस्वरांची ती लखलख उठते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या निबंधात याचीच नोंद घेतली होती. तार ज्या जागी छेडली तिथे एखाद्या उपस्वराचा स्थिरबिंदू असेल, तर तो उपस्वर नियमाने ऐकू यायला नको. तंबोऱ्यात तो ऐकू येतो. मिरजेचे कारागीर जे हाताने आणि कानाने साधतात ते साध्या वेटोळ्यात मावत नाही. आंदोलन मोठे असताना तारेची लांबी किंचित बदलते, हा भाग वेटोळ्यात कसा आणायचा, हा समुदायापुढे ठेवण्याजोगा खरा प्रश्न आहे.

प्रश्न लहान करत नेणे

“माझा पॅच चालत नाही” या वाक्याला कोणीही उत्तर देऊ शकत नाही. ज्यांना लवकर आणि नेमकी मदत मिळते त्यांची विचारण्याची रीत पाहिली, तर तिच्यात एक शिस्त दिसते.

समजा, दोनशे चौकटींचा पॅच आहे आणि आवाजात मध्येच टकटक येते. जाणता माणूस आधी मूळ पॅचची प्रत काढतो. मग प्रतीतून एकेक भाग काढून टाकतो आणि प्रत्येक वेळी ऐकतो, टकटक अजून आहे का. आहे, तर काढलेला भाग निर्दोष. गेली, तर तो परत ठेवायचा आणि दुसरीकडे पाहायचे. असे करत करत पाच-सहा चौकटी उरतात आणि टकटक तेवढ्यातही येत असते. आता प्रश्न विचारण्यालायक झाला. बहुतेक वेळा या टप्प्यावर उत्तरही समोर दिसू लागते: आवाजाची उंची शून्यावरून एकदम एकावर नेली आहे, मध्ये ‘लाइन~’ घालून ती काही मिलिसेकंदांत चढवली तर टकटक जाते. प्रश्न विचारण्याची तयारी करतानाच तो सुटतो. सदोष भाग वेगळा काढता येणे हे प्रोग्रॅमिंगमधले मोठे कौशल्य आहे, आणि प्रश्न नीट विचारण्याच्या सवयीतून ते आपोआप अंगी बाणते.

तरीही उत्तर सापडले नाही, तर तो छोटा पॅच पाठवावा. सोबत चार गोष्टी लिहाव्यात: काय व्हायला हवे होते, काय होते आहे, काय करून पाहिले आणि पीडीची कोणती आवृत्ती कोणत्या संगणकावर आहे. एखादी चौकट तुटक रेघांची दिसत असेल तर ते जरूर सांगावे. त्या नावाची वस्तू पीडीला सापडली नाही, असा त्याचा अर्थ असतो. आकड्यांचा घोळ असेल, तर संशयाच्या जागी ‘प्रिंट’ची चौकट जोडून तिथे प्रत्यक्ष काय येते ते पाहावे आणि तेही लिहावे.

उत्तर म्हणून आलेला पॅच उघडून चालवला आणि काम झाले म्हणून तसाच ठेवला, तर हाती फारसे काही लागत नाही. तो शेजारी ठेवून कोऱ्या कागदावर स्वतः पुन्हा रचावा. एकेक तार जोडताना तिच्यातून काय जाणार आहे, हे स्वतःला विचारावे. एकाच प्रश्नाला दोन-तीन उत्तरे आली, तर सगळी रचून पाहावीत. तोच आवाज वेगवेगळ्या वाटांनी कसा येतो हे पाहण्यात भाषेची जाण वाढते. आणि उत्तर समजले नाही, तर तसे सरळ लिहावे. जाणत्यांना जे उघड वाटते ते नवख्याला दिसत नाही, हे त्यांना नवख्याकडूनच कळते.

देण्याघेण्यातून वाढलेली भाषा

पीडीचा गाभा पकेट यांनी लहानच ठेवला आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा पॅच आजही चालावा, याची ते काळजी घेतात. बाकीची वाढ समुदायाने केली. मार्क डँक्स यांनी ‘जेम’ हा संच करून चित्रे आणि हलत्या आकृतींना पीडीत जागा दिली. ऑस्ट्रियातील ग्रात्स शहर या मंडळींचे मोठे केंद्र बनले आणि २००४ साली पीडीचे पहिले आंतरराष्ट्रीय संमेलन तिथेच भरले. ब्राझीलचे अलेशांद्रे तोरेस पोरेस यांनी ‘एल्स’ हा चौकटींचा मोठा संच केला आणि त्याच्या आधाराने ध्वनी शिकवणारे शेकडो पॅच सर्वांसाठी खुले ठेवले. असे संच पीडीच्या आतूनच शोधून घेण्याची सोय आता झाली आहे.

पुस्तकेही आहेत. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या सिद्धांतावरचे पकेट यांचे पुस्तक इंटरनेटवर कोणीही वाचू शकते, आणि त्यातले प्रत्येक उदाहरण पीडीच्या पॅचच्या रूपात प्रोग्रॅमबरोबरच मिळते. अँडी फार्नेल यांचे ‘डिझायनिंग साउंड’ हे पुस्तक पाऊस, आग, वारा, पावलांचे आवाज चौकटींतून कसे घडवावेत हे शिकवते. २००८ साली आलेल्या ‘स्पोअर’ या व्हिडिओ गेमचे संगीत पीडीच्याच एका रूपाने खेळ चालू असताना तयार होत होते. संगीतकार ब्रायन ईनो यांचा त्यात सहभाग होता. पीडीचा गाभा दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बसवण्यासाठी ‘लिबपीडी’ तयार झाले आणि त्यामुळे घरच्या संगणकावर रचलेला पॅच मोबाइल अॅपच्या आतही चालू लागला.

या कामाचा बराचसा भाग लोकांनी एकमेकांच्या अडचणी सोडवता सोडवता केला. एकाच प्रश्नाचे उत्तर पुन्हा पुन्हा देणारा माणूस एके दिवशी त्याची चौकटच बनवतो आणि सर्वांना देतो. प्रश्न विचारणारा काही महिन्यांनी त्याच प्रश्नाचे उत्तर देऊ लागतो. नुकताच शिकलेला माणूस बरेचदा सर्वांत चांगला शिकवतो, कारण आपण कुठे अडलो होतो हे त्याला ताजे आठवत असते.

आपल्याकडे हे शिकण्याची साधने घराघरांत आहेत. जुना लॅपटॉप पुरतो, प्रोग्रॅमला पैसे पडत नाहीत. विज्ञानाच्या शिक्षकाला कंपने, वारंवारता आणि अनुनाद वर्गात ऐकवता येतील. संगीत शिकणाऱ्याला श्रुतींचा हिशेब कानाने ताडून पाहता येईल. सुरुवात संख्येच्या वर्गाच्या गणितापासून करावी, मग एक तार, मग चार तारा. अडले की पॅच लहान करावा आणि समुदायापुढे ठेवावा. गंधाराची नेमकी जागा, जवारीची लखलख, झपतालाचे आवर्तन यांची जाण आपल्या श्रोत्यांना लहानपणापासून असते. ही जाण चौकटी-तारांत उतरवून, सोबत चार ओळींचे स्पष्टीकरण लिहून जगभरच्या शिकणाऱ्यांना दिली, तर त्यांच्या कोऱ्या कागदावर आपलाही सूर उमटेल. जे आपल्याला मोफत आणि मनापासून शिकवले गेले, ते पुढे देण्याची हीच योग्य रीत आहे.